वाचकांचे प्रश्न : घरी बांधलेल्या विमानाच्या वक्र लाकडी भागांसाठी ग्लू कोणता?

प्रश्न : मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि फावल्या वेळात गॅरेजमध्ये पिटनपोल एअर कॅम्पर हे दोन आसनी लाकडी विमान बांधतो आहे. पंखांच्या टोकांना बसणाऱ्या कमानी मी स्प्रूसच्या ३ मिमी जाडीच्या सहा पट्ट्या एकावर एक चिकटवून करणार आहे. कमानीच्या सर्वांत आवळ भागाची त्रिज्या सुमारे ३०० मिमी आहे. घरी विमान बांधणाऱ्यांच्या ईएए या संघटनेच्या आमच्या स्थानिक शाखेतील एक ज्येष्ठ सभासद म्हणतात की रिसॉर्सिनॉलशिवाय दुसरे काही वापरू नका, दुसरे टी-८८ या एपॉक्सीची शिफारस करतात आणि दुकानदार म्हणतो की पॉलियुरेथेन ग्लू सगळ्यांत सोपा. गॅरेजमध्ये हिवाळ्यात तापमान जेमतेम १० अंश असते. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दुकानदाराचा सल्ला प्रथम बाजूला ठेवू या. पॉलियुरेथेन ग्लू हवेतील आणि लाकडातील ओलाव्यावर घट्ट होतो आणि घट्ट होताना फेसाळतो. सांध्यात कुठे फट राहिली असेल तर हा फेस ती भरून काढतो, त्यामुळे सांधा बाहेरून नीट भरलेला दिसतो, पण फेसाला ताकद जवळजवळ नसतेच. खुर्चीच्या पायाला हे चालून जाईल. विमानात मात्र भरलेला दिसणारा आणि आतून पोकळ असलेला सांधा उघड्या फटीपेक्षा वाईट, कारण तपासणाऱ्याला तो सापडत नाही.

ग्लू निवडताना बहुतेक जण डब्यावरचा ताकदीचा आकडा पाहतात. वक्र भागाच्या बाबतीत तो आकडा दुय्यम आहे. दोन सरळ फळ्या चिकटवल्या की ग्लू वाळल्यावर त्या सांध्यावर काही भार नसतो. विमान उडेल तेव्हाच तो येईल. वाकवून चिकटवलेल्या पट्ट्यांचे तसे नाही. प्रत्येक पट्टीला सरळ व्हायचे असते आणि तिला अडवून धरण्याचे काम क्लॅम्प सोडल्याच्या क्षणापासून ग्लूच्या थराकडे येते. विमान हँगरमध्ये उभे असो वा आकाशात असो, हा ताण रात्रंदिवस असतोच आणि तो कमानीच्या दोन टोकांपाशी सर्वाधिक असतो. म्हणून पट्ट्यांची उकल नेहमी टोकाकडून सुरू होते आणि म्हणूनच अनुभवी कारागीर कमान लागते त्यापेक्षा लांब करतात आणि टोके नंतर कापून टाकतात. अशा जागी जो ग्लू कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, ज्या गुणाला अभियंते क्रीप म्हणतात, तो कितीही ताकदवान असला तरी उपयोगाचा नाही. आणि जो थंडीत सरकत नाही पण उन्हात मऊ पडतो, त्याच्याबद्दल आणखी विचार करावा लागतो. सुतारकामाचा नेहमीचा पांढरा ग्लू, म्हणजे पीव्हीए, या दोन्ही कसोट्यांवर नापास होतो.

आता उरले रिसॉर्सिनॉल आणि एपॉक्सी. पिटनपोलचा आराखडा १९२९ सालचा आहे आणि त्या काळी विमानबांधणीत दुधातील केसीनपासून केलेला ग्लू सर्रास वापरला जात असे, त्यामुळे या बाबतीत मूळ नकाशाला चिकटून राहण्यात अर्थ नाही. नव्या आराखड्यांत मात्र आराखडाकाराने विशिष्ट ग्लूचे नाव दिले असेल तर तोच वापरावा. त्याने सांध्यांची मापे त्या ग्लूच्या हिशोबाने ठरवलेली असतात.

रिसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइड हा लाकडी विमानांसाठी सर्वांत जुना विश्वासू ग्लू आहे. उकळत्या पाण्यात ठेवलेला तुकडाही त्याच्या थरापाशी सुटत नाही, उन्हाने तो मऊ पडत नाही आणि कायमच्या ताणाखाली सरकत नाही. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक खात्याच्या दुरुस्तीविषयक मार्गदर्शक पुस्तिकेत इतर ग्लूंची पारख ज्याच्याशी तुलना करून केली जाते तो हाच. पण तो मालकाकडून तीन गोष्टी मागतो आणि त्यात सवलत देत नाही. पृष्ठभाग अचूक जुळलेले हवेत, कारण जाड थरात तो आक्रसतो आणि ठिसूळ होतो. तापमान किमान २१ अंश हवे, आणि तेही खोलीचे नव्हे तर ग्लूच्या थराचे. तिसरी मागणी दाबाची, आणि घरी बांधणाऱ्यांची गाडी नेमकी इथे अडते. स्प्रूससारख्या मऊ लाकडाला दर चौरस इंचाला १२५ ते १५० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ९ ते १०.५ किलो दाब लागतो. तुमची कमान २५ मिमी रुंद आणि ६०० मिमी लांब धरली तर क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर होते आणि एकूण दाब सुमारे दीड टन. सरळ फळीवर एवढा दाब आठ-दहा चांगल्या क्लॅम्पनी येतो. कमानीवर प्रत्येक क्लॅम्पची दिशा वेगळी, त्याचे तोंड घसरते, आणि दोन क्लॅम्पच्या मध्ये पट्ट्या किंचित फुगतात. तो फुगवटा डोळ्याला दिसत नाही, पण रिसॉर्सिनॉलला तो चालत नाही.

एपॉक्सीचे नेमके उलट आहे. तिला दाब जवळजवळ नकोच असतो. पट्ट्या एकमेकींना सर्वत्र टेकल्या की पुरे. उलट रिसॉर्सिनॉलच्या सवयीने क्लॅम्प पिळले तर सगळी एपॉक्सी बाहेर येते आणि सांधा कोरडा राहतो. बारीक फट ती ताकदीसह भरून काढते. टी-८८ चे दोन भाग आकारमानाने समसमान मिसळायचे असतात, त्यामुळे मोजमापात चूक होण्याची शक्यता कमी असते, आणि थंडीतही ती हळूहळू का होईना पण घट्ट होते. मात्र तिची दुखरी बाजू उष्णतेची आहे. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेल्या बहुतेक एपॉक्सी उन्हात तापलेल्या पंखाच्या तापमानाला मऊ पडू लागतात. गडद रंगाचा पंख भर उन्हात उभा असेल तर त्याचा पृष्ठभाग ८० अंशांच्याही घरात जाऊ शकतो. पांढरा पंख त्याच उन्हात कितीतरी थंड राहतो. अमेरिकी विमान आराखडाकार बर्ट रुटान यांची एपॉक्सी आणि काचतंतूंची विमाने जवळजवळ नेहमी पांढरी दिसतात, त्यामागे हेच कारण आहे.

तुमच्या परिस्थितीत माझे मत असे आहे. गॅरेजमध्ये १० अंश असताना रिसॉर्सिनॉलला हातच लावू नका. तो वाळलेला दिसेल, कडकही लागेल, पण रासायनिक क्रिया पूर्ण झालेली नसेल आणि ते बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. हे काम हिवाळ्यातच करायचे असेल तर टी-८८ वापरा, डबे आधी उबदार खोलीत ठेवा, साच्यावर जाड प्लास्टिकचा तंबू करून आत छोटा हीटर लावा आणि घट्ट झाल्यावर क्लॅम्प न काढता कमानीला एक-दोन दिवस मंद ऊब द्या. त्याने एपॉक्सीची उष्णता सोसण्याची क्षमता थोडी वाढते. पंखाची टोके पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या रंगात रंगवा. मे महिन्यापर्यंत थांबण्याची तयारी असेल आणि साचा अचूक करण्याचा धीर असेल, तर त्या ज्येष्ठ सभासदांचे ऐका. रिसॉर्सिनॉलचा गडद लालसर-तपकिरी थर दिसायला छान नसतो, पण तपासणीत तो फायद्याचा ठरतो, कारण थर कुठे जाड, कुठे तुटका, हे नुसत्या डोळ्यांना दिसते.

साच्याविषयी दोन शब्द, कारण खरी लढाई तिथेच जिंकली जाते. साचा जाड प्लायवूडचा करा आणि क्लॅम्पचे एक टोक अडकवण्यासाठी त्यात कमानीला समांतर भोकांची रांग पाडा, दर ७० ते ८० मिमीवर एक. साच्याच्या कडेला तपकिरी पॅकिंग टेप लावा. एपॉक्सी तिला चिकटत नाही. पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला, क्लॅम्पच्या तोंडाखाली, टेप गुंडाळलेली एक जादा पट्टी ठेवा, म्हणजे दाब पसरतो आणि स्प्रूसवर खड्डे पडत नाहीत. ग्लू लावण्यापूर्वी सगळी जुळणी एकदा कोरडी करून पाहा. क्लॅम्प मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे न्या, म्हणजे पट्ट्यांना एकमेकींवरून सरकायला वाव राहतो. कोरड्या जुळणीत ज्या फटीतून उजेड दिसतो, तिथे साचा रंध्याने किंवा कानशीने दुरुस्त करा, क्लॅम्प पिळून ती बुजवू नका.

प्रश्न : माझा सावंतवाडीत सुतारकामाचा पिढीजात व्यवसाय आहे. आपल्या स्तंभात विमानाच्या लाकडी कमानीचा उल्लेख वाचला. एवढ्या पट्ट्या चिकटवत बसण्यापेक्षा एकाच फळीतून कमान कापून का काढत नाहीत? किंवा वाफेवर वाकवून? आम्ही बैलगाडीच्या आणि होडीच्या कामात दोन्ही करतो.

उत्तर : कापून काढलेल्या कमानीत लाकडाचे तंतू सरळच राहतात आणि कमान मात्र वळते, त्यामुळे कुठे ना कुठे तंतू कमानीला आडवे पडतात. आडव्या तंतूंवर लाकूड सहज चिरते, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. विमानाच्या स्प्रूसमध्ये तंतूंचा कल १५ ला १ पेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे १५ सेंटिमीटर लांबीत तंतू एक सेंटिमीटरपेक्षा जास्त तिरके गेले तर ते लाकूड मुख्य भागांसाठी बाद. कापून काढलेल्या कमानीत हा नियम पहिल्याच वळणावर मोडतो. जाड लाकूड वापरून होडीत ही उणीव भरून काढता येते, विमानात वजनाला जागा नसते.

वाफेचा मार्ग चुकीचा नाही. फार आवळ वळण असेल तर विमान बांधणारेही पट्ट्या वाफवतात किंवा भिजवतात, पण ओल्या पट्ट्या चिकटवत नाहीत. त्या साच्यावर वाकवून, बांधून, अनेक दिवस वाळू देतात आणि लाकडातील ओलावा ८ ते १२ टक्क्यांवर आला की मगच ग्लू लावतात. पट्ट्या पुरेशा पातळ असतील तर वाफेची गरजच पडत नाही. हिशोब सोपा आहे : पट्टीच्या जाडीला त्रिज्येच्या दुपटीने भागले की बाहेरच्या तंतूंना किती ताणले जात आहे ते कळते. ३ मिमीची पट्टी ३०० मिमी त्रिज्येवर वाकवली तर हा ताण अर्धा टक्का येतो. कोरडे स्प्रूस पाऊण टक्क्याच्या आसपास मोडण्याच्या सीमेवर येते, म्हणजे हे जमण्यासारखे आहे, पण हात राखून. त्यामुळे वरच्या प्रश्नातील वाचकांनाही माझी सूचना आहे की ३ मिमीऐवजी २ ते २.५ मिमी जाडीच्या पट्ट्या घ्याव्यात.

पट्ट्या जास्त घेण्याचा आणखी एक लाभ आहे. साच्यातून काढल्यावर कमान थोडी उघडते. ती किती उघडेल, हे पट्ट्यांच्या संख्येच्या वर्गावर ठरते. तीन पट्ट्या असतील तर सुमारे एक-नवमांश, सहा असतील तर एक-छत्तिसांश. कमानीची खोली २०० मिमी असेल तर तीन पट्ट्यांची कमान २२ मिमी उघडेल आणि सहा पट्ट्यांची साडेपाच मिमी. साचा तेवढा जादा वळवून ठेवला की प्रश्न मिटतो. महिन्याभरानंतर कमान हिशोबापेक्षा जास्त उघडलेली आढळली तर ग्लू सरकतो आहे असे समजावे आणि ती कमान जळणात टाकावी.

पट्टीची लांबी कमी पडली तर जोड आडवा न देता तिरपा द्यावा लागतो. जाडीच्या बारापट लांबीचा उतार उत्तम, दहापटीपेक्षा कमी नको. शेजारच्या पट्ट्यांतील जोड एकाखाली एक येऊ देऊ नयेत, हे तुम्ही तसेही पाळत असालच.

प्रश्न : पृष्ठभागाला पॉलिशपेपर मारावा की नाही, यावर मला परस्परविरोधी उत्तरे मिळाली आहेत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मऊ लाकडाला ग्लू लावण्यापूर्वी पॉलिशपेपर मारू नये, असे एफएएची पुस्तिका स्पष्ट सांगते, कारण बारीक भुसा लाकडाच्या छिद्रांत बसतो आणि कडा गोल होतात. एपॉक्सी वापरणारे काही अनुभवी लोक जाड दाण्याच्या कागदाने पृष्ठभाग किंचित खरवडतात आणि त्यांचे सांधेही टिकतात, हे खरे. माझा कल धारदार रंध्याकडे आहे. बोथट रंधा किंवा बोथट करवत तंतू दाबून, भाजून एक चकचकीत कातडे तयार करते आणि त्यात ग्लू शिरत नाही. शंका असेल तर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. काही सेकंदांत तो पसरून लाकडात जिरला तर पृष्ठभाग तयार आहे. मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा रंधा मारा. रंधलेली पट्टी त्याच दिवशी चिकटवावी आणि मधल्या वेळात तिच्यावर हात फिरवून गुळगुळीतपणा पाहण्याचा मोह टाळावा. हाताचे तेल ग्लूचा शत्रू आहे.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेली मॉस्किटो जातीची लाकडी विमाने येथील पावसाळ्यात ग्लू विरघळल्यामुळे हवेत मोडून पडली, असे माझ्या वाचनात आले. हे खरे आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अर्धे खरे आहे. डी हॅविलँड कंपनीच्या मॉस्किटो विमानाचा सांगाडा घरी विमान बांधणाऱ्यांनी अभ्यासावा असा आहे. त्याचे धड डाव्या-उजव्या अशा दोन अर्ध्या कवचांत तयार होई. साच्यावर बर्च प्लायवूडचा थर, त्यावर हलके बाल्सा, त्यावर पुन्हा बर्च, आणि हे सारे साच्याभोवती धातूचे पट्टे आवळून दाबले जाई. वक्र पृष्ठभागावर सर्वत्र सारखा दाब देण्याचा प्रश्न त्यांनी पट्ट्यांनी सोडवला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सुरुवातीच्या विमानांत केसीन ग्लू होता. केसीन दुधाचा, त्यामुळे दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि तो कुजतो. पुढे युरिया-फॉर्माल्डिहाइड ग्लू आला.

१९४४ च्या उत्तरार्धात भारत आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवरील काही मॉस्किटो विमानांचे पंख हवेत निकामी झाले आणि विमाने तपासणीसाठी जमिनीवर ठेवावी लागली. सुरुवातीला हवामानाला दोष दिला गेला. मात्र चौकशीत असेही आढळले की काही विमानांत पंखाच्या वरच्या आवरणाचा मुख्य तुळईशी असलेला सांधा मुळातच नीट टेकलेला नव्हता. मध्ये फटी राहिल्या होत्या. म्हणजे दोष ग्लूचा, पावसाचा की कारखान्यातील हाताचा, हा वाद एका वाक्यात निकाली निघत नाही. माझ्या मते फट हे मूळ आणि हवामान हे निमित्त. चांगला टेकलेला सांधा दमट हवेत म्हातारा होतो, पण इतक्या लवकर मरत नाही.

जर्मनीत मात्र ग्लूचा दोष उघड होता. तेथील लाकडी विमानांसाठी टेगो फिल्म नावाचा फेनॉलिक ग्लूचा पातळ कागद वापरत. वुपर्टाल येथील त्याचा कारखाना बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला आणि घाईने बदली ग्लू आणावा लागला. त्यातील आम्लाने लाकूडच खाल्ले. फोके-वुल्फच्या टीए १५४ या विमानाचा कार्यक्रम गुंडाळण्यामागे हे एक कारण मानले जाते. हाइंकेलच्या एचई १६२ या जेट विमानाचे पहिले उड्डाण ६ डिसेंबर १९४४ रोजी झाले, तेव्हा चाकाचे एक लाकडी दार निसटले. चारच दिवसांनी, अधिकाऱ्यांसमोरच्या प्रात्यक्षिकात, पंखाचा भाग सुटून वैमानिक गोटहोल्ड पेटर यांचा मृत्यू झाला. पहिल्या दिवशीचे दार हा पुरेसा इशारा होता.

जाता जाता, आपल्या घराघरांत असणाऱ्या अ‍ॅरल्डाइटचे मूळही याच इतिहासात आहे. केंब्रिजचे नॉर्मन डी ब्रुइन यांनी १९३४ साली स्नार्क नावाचे स्वतःचे विमान बांधून उडवले, आणि डक्सफर्ड येथील आपल्या एरो रिसर्च या कंपनीतून १९३७ साली एरोलाइट हा विमानांसाठीचा युरिया ग्लू आणला. अ‍ॅरल्डाइटचे नावही त्याच कंपनीतून पुढे आले. मात्र किराणा दुकानात मिळणारी त्याची छोटी नळी विमानाच्या पंखासाठी नाही, हे वेगळे सांगायला हवे.

प्रश्न : आम्ही सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी तीन मीटर पंखविस्ताराचे रेडिओ-नियंत्रित विमान करत आहोत. वक्र भागांसाठी फेविकॉल चालेल का? मरीन प्रकार चालेल का? आणि शेवटी एखादे माणसाला नेणारे विमान करायचे असेल तर बाजारातील आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायवूड घेतले तर?

उत्तर : मॉडेलसाठी चालेल. तीन मीटरच्या मॉडेलमध्ये पट्ट्या एक मिलिमीटरच्या असतात, त्यांचा परत सरळ होण्याचा जोर कमी असतो, आणि कमान थोडी उघडली तरी कोणाचा जीव जात नाही. दमट हवेसाठी मरीन प्रकार अधिक चांगला. फक्त मॉडेल मोटारीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. सगळा पीव्हीए वर्ग उष्णतेने सैल पडतो.

माणसाला नेणाऱ्या विमानात तो नको, याचे कारण पहिल्या उत्तरात आले आहे. प्लायवूडबद्दल गैरसमज व्यापक आहे म्हणून सविस्तर लिहितो. आयएस ७१० च्या प्लायवूडचा ग्लू खरोखर चांगला असतो. तो फेनॉलिक असून उकळत्या पाण्यात टिकतो. कमजोरी लाकडात आहे. आतल्या थरांत पोकळी किंवा पाचर मारलेल्या फटी असू शकतात, थर जाड असतात आणि वजन जास्त. विमानासाठीचे बर्च प्लायवूड अमेरिकी एमआयएल-पी-६०७०, ब्रिटिश व्ही-३ मालिका किंवा जर्मन जीएल प्रमाणाचे असते. एक-दीड मिलिमीटरमध्येही त्याला तीन थर असतात आणि पोकळी चालत नाही. म्हणजे ग्लू सारखाच, पण माल वेगळा. भारतात अशा विमानाला उडण्यासाठी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी लागते, हे प्रकल्पाच्या पहिल्या दिवशीच लक्षात घ्या. मुंबईत अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान धातूचे आहे, तरी नोंदणीसाठी त्यांना दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागला, हे वर्तमानपत्रांत आलेच आहे.

पावसाळ्यात काम करणार असाल तर आणखी एक गोष्ट. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि उघड्यावर ठेवलेल्या लाकडात १६ टक्क्यांपर्यंत किंवा अधिक ओलावा मुरतो. अशा लाकडाला चिकटवून नंतर ते कोरड्या हवेत नेले की पट्ट्या आक्रसतात आणि सांध्यावर नवा ताण येतो. शिवाय दमट हवेत काही एपॉक्सींच्या पृष्ठभागावर मेणासारखा तेलकट थर येतो. त्यावर दुसरा थर लावायचा असेल तर आधी कोमट पाण्याने आणि खरखरीत कापडाने धुऊन पुसून घ्यावे लागते. सांगलीत स्थिती तितकी वाईट नसते, तरी ओलावा मोजण्याचे छोटे मीटर विकत घ्या.

प्रश्न : इंग्लंडमध्ये लेस्टर येथे आम्ही चार मित्रांनी मिळून एक जुने लाकडी जोडेल विमान घ्यायचे ठरवले आहे. त्याच्या वक्र चौकटींमधील जुना ग्लू अजून धड आहे, हे कसे ओळखायचे?

उत्तर : विमान घेण्यापूर्वी लाकडी विमानांचा अनुभव असलेला, एलएए या हलक्या विमानांच्या ब्रिटिश संघटनेने मान्य केलेला निरीक्षक आणावा, हे पहिले. तो काय पाहील ते सांगतो. वार्निशवर सांध्याच्या रेषेत केसासारखी चीर दिसते का. असेल तर खालचा सांधा हलला आहे. फट मोजण्याची सर्वांत पातळ धातूची पात, म्हणजे फीलर गेज, पट्ट्यांच्या मध्ये शिरते का, विशेषतः टोकांपाशी. नाण्याने किंवा नखाने टकटक केल्यावर आवाज एकसारखा येतो की मध्येच भसका. खालच्या बाजूला, जिथे पाणी साचते, तिथे ओलावा किती आणि वास कसा. केसीनच्या जुन्या सांध्यांना आंबट, नासलेल्या चीजचा वास येतो आणि तो एकदा ओळखला की विसरत नाही. पाणी निघून जाण्याची भोके कोणी रंग देताना बुजवली आहेत का, हेही पाहावे. निम्मे नुकसान त्यामुळेच होते.

ही तपासणी क्षुल्लक मानू नये. ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेत कॅन्सस राज्यात टीडब्ल्यूए कंपनीचे फोकर एफ-१० विमान पडले आणि अमेरिकन फुटबॉलचे प्रसिद्ध प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांच्यासह आठ जण दगावले. पंखाच्या आत ओलावा शिरून चिकटवलेले सांधे निकामी झाले होते आणि त्या बंद पंखात डोकावून पाहण्याची सोयच नव्हती. त्यानंतर लाकडी पंखांच्या नियमित अंतर्गत तपासणीची सक्ती आली आणि विमान कंपन्या धातूकडे वळण्याचा वेग वाढला. म्हणून विक्रेता म्हणाला की आवरण उघडून दाखवता येणार नाही, तर किंमत कितीही कमी असो, सौदा करू नका.

प्रश्न : ग्लू नीट बसला की नाही, हे विमानाचा भाग न मोडता कसे कळणार? (वरील ओहायोच्या वाचकांचाच उपप्रश्न)

उत्तर : विमानाचा भाग मोडायचा नाही, पण त्याचा जुळा भाऊ मोडायचा. प्रत्येक वेळी मिसळलेल्या ग्लूमधूनच, त्याच लाकडाच्या दोन-तीन तुकड्यांचा एक सांधा करा, त्यावर तारीख, तापमान आणि डब्याचा बॅच क्रमांक पेन्सिलने लिहा आणि तो त्याच तंबूत, तेवढाच वेळ ठेवा. आठवड्याने तो शिकंज्यात धरून पटाशीने आणि हातोडीने फोडा. तुटलेल्या दोन्ही तोंडांवर लाकडाचे तंतू उपटून आलेले दिसले तर लाकूड हरले आणि ग्लू जिंकला, हेच हवे आहे. एका तोंडावर ग्लूचा चकचकीत, स्वच्छ थर राहिला असेल तर त्या मिश्रणातून केलेला प्रत्येक भाग संशयास्पद समजा आणि पुन्हा करा. एक तुकडा तासभर उकळत्या पाण्यात ठेवून फोडून पाहिला तर रिसॉर्सिनॉल आणि एपॉक्सी यांतील फरक तुमच्या टेबलावरच दिसेल.

एपॉक्सी हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला आणि हाताला लागलीच तर थिनरने पुसू नका. थिनर ती कातडीच्या आत नेतो. साबण आणि पाणी वापरा. एपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही आणि विमान अर्धे झालेले असताना ती जडणे फारच गैरसोयीचे असते. रिसॉर्सिनॉल वापरणार असाल तर खिडकी उघडी ठेवा, कारण त्यातून फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, आणि भुकटीच्या डब्यावरील तारीख पाहून घ्या. मुदत संपलेला डबा स्वस्तात मिळत असेल तर तो चाचणीच्या तुकड्यांसाठीही घेऊ नका.